आधी हातोडी, मग एमआरआय

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांतली धडधाकट माणसं पायांतली ताकद जाऊन रुग्णालयात दाखल होऊ लागली. आधी दोन-चार दिवस जुलाब, मग पायांना मुंग्या, मग जिना चढवेना, मग हातही जड. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे ‘जीबीएस’, हे नाव पाहता पाहता घरोघरी पोचलं. संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, पिण्याच्या पाण्याकडे बोट दाखवलं गेलं, विहिरी, टँकर, क्लोरीन यांवर रास्त चर्चा झाली. हा आजार दवाखान्यात ओळखतात कसा, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

जीबीएसच्या पहिल्या काही दिवसांत पाठीतून काढलेल्या पाण्यात प्रथिन वाढलेलं असेलच असं नाही. नसांची विद्युत चाचणीही तेव्हा अनेकदा ठाम काही सांगत नाही. मेंदूचा एमआरआय काढला तर तो बहुधा स्वच्छ येतो. त्या वेळी कामाला येते ती रबरी हातोडी. गुडघ्याच्या वाटीखाली हलका ठोका दिला, तरी पाय उडत नाही. घोट्यामागे नाही, कोपराच्या खोबणीत नाही. ताकद घटली आहे, रिफ्लेक्स गेले आहेत, स्पर्श बराचसा शाबूत आहे. एवढ्यावरून डॉक्टर म्हणू शकतात की बिघाड मेंदूत नाही आणि मज्जारज्जूतही नाही, तो मज्जारज्जूतून बाहेर पडणाऱ्या नसांत आहे. मग रुग्णाला खोल श्वास घ्यायला लावायचा आणि एका दमात आकडे मोजायला सांगायचे. वीसच्या आतच दम संपला, तर अतिदक्षता विभागात खाट तयार ठेवायची. १९१६ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, गियाँ, बारे आणि स्त्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या आजाराचं जे वर्णन छापलं, त्यातही हरवलेले रिफ्लेक्स ही मुख्य खूण होती. शंभर वर्षांनंतरही ती तशीच उपयोगी आहे.

हातोडी, टॉर्च, कापसाचा बोळा, टाचणी आणि ट्यूनिंग फोर्क यांच्या जोरावर मज्जासंस्थेतल्या बिघाडाची जागा शोधणं हे वैद्यकातलं फार मोठं बौद्धिक काम आहे. ते आपल्या दवाखान्यांतून आणि महाविद्यालयांतून ओसरत चाललं आहे. यंत्रं आली म्हणून ते कालबाह्य झालं, हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत रुग्ण मोजतात. चुकीच्या भागाचे एमआरआय, नको त्या शस्त्रक्रिया आणि हातून गेलेले मोलाचे दिवस ही ती किंमत.

या विद्येत किती ताकद आहे ते पाहायचं तर लंडनला जावं लागेल. एक्स-रेचा शोध लागला १८९५ साली. त्याच्या अकरा वर्षं आधी, २५ नोव्हेंबर १८८४ रोजी, शल्यचिकित्सक रिकमन गॉडली यांनी तिथे पंचविशीतल्या एका स्कॉटिश शेतकऱ्याची कवटी उघडली. कुठे उघडायची हे त्यांना सांगितलं होतं अलेक्झांडर ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी. कवटीच्या आत डोकावण्याचं कसलंही साधन बेनेट यांच्यापाशी नव्हतं. त्यांच्यापाशी होती ती रुग्णाची हकीकत आणि तपासणी. झटके डाव्या गालापासून आणि जिभेपासून सुरू व्हायचे, पुढे ते डाव्या हातात उतरले, मग त्याच हाताची ताकद जात गेली. डोकेदुखी होती, उलट्या होत्या, डोळ्यांच्या पडद्यामागची नस सुजलेली होती.

त्याआधी जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी आकडीचे रुग्ण वर्षानुवर्षं बारकाईनं पाहून ठेवले होते. झटका अंगठ्यात सुरू होतो, मग मनगट, मग कोपर, मग चेहरा, अशा ठरलेल्या क्रमानं तो सरकतो. त्यावरून मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या हालचालींचा एक नकाशा असला पाहिजे, असा तर्क त्यांनी केला होता. पुढे डेव्हिड फेरियर यांनी माकडांच्या मेंदूवर प्रयोग करून तो नकाशा पक्का केला. बेनेट यांनी आपल्या रुग्णाची लक्षणं त्या नकाशावर मांडली आणि मेंदूच्या उजव्या बाजूला, हाताच्या हालचाली चालवणाऱ्या पट्ट्यावर, बोट ठेवलं. गॉडलींना तिथेच, पृष्ठभागाच्या थोडी खाली, अक्रोडाएवढी गाठ सापडली. जंतुसंसर्गानं तो तरुण महिनाभरात दगावला, हे दुःखद आहे. जागा मात्र अचूक निघाली होती.

हा तर्क चालतो कसा? मेंदू, त्याला मज्जारज्जूशी जोडणारा देठ, मज्जारज्जू, त्यातून फुटणारी मुळं, त्यांपासून बनणाऱ्या नसा, नस आणि स्नायू जिथे भेटतात तो सांधा आणि अखेर स्नायू, अशी ही साखळी आहे. प्रत्येक ठिकाणचा बिघाड आपली वेगळी खूण ठेवतो. गावात वीज गेली की महावितरणचा वायरमन कोणत्या आळीतले दिवे गेलेत आणि कोणत्या आळीतले चालू आहेत हे आधी विचारतो, मगच खांबावर चढतो. मेंदूविकारतज्ज्ञाचं कामही तसंच आहे. काय गेलंय याइतकंच काय शाबूत आहे हे त्याला महत्त्वाचं असतं. ‘कुठे’ ठरलं की ‘काय’ हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर बहुतेकदा काळ देतो. क्षणात आलेला लुळेपणा रक्तवाहिनीचा, दिवसांत वाढलेला संसर्गाचा किंवा दाहाचा, महिन्यांत वाढलेला गाठीचा, वर्षानुवर्षं सरकणारा झिजेचा. अपवाद असतात, पण सुरुवात इथूनच होते.

आणि ही सुरुवात हातोडीच्याही आधी, साध्या बोलण्यात होते. आपल्याकडच्या जुन्या, कसलेल्या प्राध्यापकांचे प्रश्न अस्सल इथल्या मातीतले असत. चप्पल पायातून निसटते का? निसटलेली कळते, की मागून कुणी ओरडल्यावर कळतं? कळत असेल तर पावलाची ताकद गेली आहे, कळतच नसेल तर संवेदना गेली आहे. पाटावरून किंवा शौचाला बसून उठताना हाताचा आधार लागतो का? म्हणजे मांड्या आणि कंबर यांचे स्नायू दुबळे. वेणी घालताना हात भरून येतात का? खांद्याचे स्नायू. भात कालवताना, भाकरीचा घास मोडताना बोटं साथ देत नाहीत का? पंजाचे स्नायू. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? पाय कुठे आहेत हे मेंदूला कळवणारा मार्ग बिघडला आहे आणि आतापर्यंत डोळे ती उणीव भरून काढत होते. जर्मन डॉक्टर मोरित्झ रोम्बर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रुग्णाला पाय जुळवून, डोळे मिटून उभं करण्याची जी चाचणी रूढ केली, तीच ही. नळाखाली ओंजळ धरलेला माणूस ती रोज सकाळी नकळत देत असतो.

या प्रश्नांना खर्च येत नाही. वेळ लागतो, आणि विचारणाऱ्याला त्यांचा अर्थ माहीत असावा लागतो.

सगळ्यांत मोठी हानी कमरेच्या एमआरआयच्या बाबतीत होते. समजा, पन्नाशीच्या एका माणसाचे दोन्ही पाय काही महिन्यांपासून कडक होत चालले आहेत, चालताना ते घासतात, लघवीला घाई होते. त्याला सांगितलं जातं की मणक्यात गॅप आहे, नस दबली आहे, कमरेचा एमआरआय काढा. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती थोडी बाहेर आलेली दिसते. कारण सापडलं, असं सगळ्यांना वाटतं.

पण मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याच्या खाली फक्त नसांच्या मुळांचा जुडगा असतो. तिथे काही दाबलं गेलं, तर पाय सैल पडतील आणि रिफ्लेक्स मंदावतील. या माणसाच्या गुडघ्यावर हातोडी मारली, तर पाय जोरात उडेल. तळपायावर टाचेकडून बोटांकडे किल्लीचं टोक ओढलं, तर अंगठा वर उचलला जाईल. ही शेवटची खूण पॅरिसच्या जोझेफ बॅबिन्स्की यांनी १८९६ साली एका अगदी छोट्या टिपणात नोंदवली. तान्ह्या बाळात ती असणं स्वाभाविक आहे, मोठ्या माणसात ती दिसली की मेंदूपासून मज्जारज्जूच्या टोकापर्यंतच्या मार्गात कुठेतरी बिघाड आहे असं समजायचं. म्हणजे या माणसाचा दोष कमरेच्या चौथ्या मणक्यात असूच शकत नाही. तो पाठीत असेल, मानेत असेल किंवा मेंदूत असेल. मणक्याचा क्षय, मज्जारज्जूला दाबणारी गाठ, मानेतला दाब, यांतलं काहीही. पोटावर टाचणी टोचत खालून वर गेलं तर संवेदना कुठे बदलते तेही कळतं. बेंबीच्या पातळीवर बदलली तर पाठीतल्या दहाव्या नसेचा भाग, स्तनाग्रांपाशी बदलली तर चौथीचा. दहा मिनिटांच्या या तपासणीनं एमआरआय योग्य जागेचा निघतो.

चकतीच्या ‘गॅप’वर विसंबण्यात काय धोका आहे, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानं आकड्यांत मांडलं. पाठीचं कसलंही दुखणं नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र केल्या होत्या. विशीतल्या ३० टक्के निरोगी लोकांत चकती फुगलेली आढळली, ऐंशीच्या घरात हे प्रमाण ८४ टक्के होतं. चकतीची झीज तर विशीत ३७ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के. याचा अर्थ असा की पुरेशा लोकांना यंत्रात घातलं, तर काही ना काही सापडणारच. जे सापडलं त्याचा तक्रारीशी संबंध आहे की नाही, हे यंत्र सांगत नाही. ते तपासणाऱ्या हातालाच सांगावं लागतं.

तोंड वाकडं होणं हे याचं आणखी सोपं उदाहरण. घरच्यांना वाटतं, अंगावरून वारं गेलं. कुणी मालिशवाल्याकडे नेतं, कुणी थेट मेंदूच्या स्कॅनला. अशा वेळी रुग्णाला भुवया उंचावून कपाळाला आठ्या पाडायला सांगायचं. चेहऱ्याच्या वरच्या भागाला मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून आदेश मिळतात, म्हणून मेंदूतल्या एका बाजूच्या झटक्यात (स्ट्रोकमध्ये) गाल आणि ओठ ओघळतात, पण कपाळ बहुधा हलतं. कपाळही गुळगुळीत राहिलं आणि डोळा मिटेना, तर बहुतेकदा दोष चेहऱ्याच्या नसेत असतो. चार्ल्स बेल यांच्या नावानं ओळखला जाणारा हा पक्षाघात बहुतेकांत बरा होतो. स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू केल्या तर तो आणखी खात्रीनं बरा होतो, आणि उघड्या राहिलेल्या डोळ्याची काळजी घ्यावी लागते.

पावलाचं बघा. पंजा लोंबतो, पायरीला अडकतो. पुन्हा ‘गॅप’चं निदान तयारच असतं. खरोखर कमरेतलं पाचवं मूळ दाबलं गेलं असेल, तर पंजा वर उचलता येत नाही आणि पाऊल आतल्या बाजूला वळवायलाही जोर राहत नाही. नुसतं वर उचलता येत नसेल आणि आत वळवणं ठणठणीत असेल, तर दोष गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालणाऱ्या नसेत असण्याची शक्यता मोठी. तासन्‌तास उकिडवं बसून निंदणी-कापणी करणाऱ्या माणसाला, पायावर पाय टाकून बसायची सवय असलेल्याला, प्लास्टर घट्ट बसलेल्याला हे होतं. हा फरक कळण्यासाठी पावलाला हात लावावा लागतो. फिल्म खिडकीकडे धरून तो कळत नाही.

तिथेच, गुडघ्याच्या बाजूला, बोटांनी ती नस चाचपायची. ती दोरीसारखी जाड लागली तर डॉक्टरांच्या मनात कुष्ठरोग यायलाच हवा. कोपराच्या आतल्या बाजूची नस, मानेवर कानाखाली आडवी जाणारी नस, यांनाही हात लावून पाहायचा. कुष्ठरोगाचे जंतू शरीराचे थंड भाग पसंत करतात, त्वचेजवळच्या नसांत शिरतात, त्यामुळे हातापायांवर बधिर चट्टे पडतात, पण रिफ्लेक्स बहुधा शाबूत राहतात. मधुमेहात नसा झिजतात तेव्हा पायांचे मोजे घालण्याच्या भागाला सारखा बधिरपणा येतो आणि घोट्याचा रिफ्लेक्स लवकर जातो. दोन्हींत रुग्ण एकच वाक्य बोलतो, ‘पाय बधिर झालेत’. फरक हातोडी आणि बोटं सांगतात. वरोऱ्याजवळच्या आनंदवनामुळे महाराष्ट्राला या आजाराचं सामाजिक दुःख चांगलं माहीत आहे. देशानं २००५ च्या अखेरीस सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं, त्यानंतर तो अनेक तरुण डॉक्टरांच्या नजरेआड गेला. जगातले निम्म्याहून अधिक नवे कुष्ठरुग्ण आजही भारतात सापडतात. औषधं मोफत आहेत. नस कायमची जाण्याआधी आजार ओळखणं एवढंच उरतं, आणि ते हातानंच होतं.

ग्रामीण भागात तर जागा ओळखण्यावर जीव अवलंबून असतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दंशाची वेदना नसल्यासारखी, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड होऊन खाली येतात, गिळता येईना, मान सावरेना. पापण्यांपासून खाली उतरत जाणारा हा लुळेपणा, पण संवेदना जागेवर आणि शुद्धही जागेवर, असं चित्र दिसलं की बिघाड नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर आहे. मण्यारीचं विष तिथेच काम करतं. मेंदूचा स्कॅन इथे काहीच दाखवणार नाही, उलट तो काढायला शहरात नेण्यात श्वास थांबेल. याहून गंभीर गोष्ट म्हणजे विष पूर्ण चढल्यावर हात, पाय, डोळे, बाहुल्या काहीच हलत नाहीत आणि आत जागा असलेला माणूस मेंदू-मृत वाटू शकतो. अशा रुग्णांना कृत्रिम श्वासावर टिकवून धरलं आणि ते चालत घरी गेले, अशा नोंदी भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. सर्पदंशाची शंका मनात ठेवणाऱ्या डॉक्टरनं ते जीव वाचवलेले असतात.

मोठ्या शहरात, हाताशी उत्तम यंत्र असतानाही तपासणी पुढे जाते याचा पुरावा चक्करेच्या रुग्णांत मिळाला आहे. एकदम सुरू होऊन दिवसभर न थांबणारी चक्कर कानाच्या नसेमुळे असू शकते किंवा मेंदूच्या मागच्या भागातल्या झटक्यामुळे. २००९ साली अमेरिकेत झटक्याचा धोका असलेल्या अशा १०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोळ्यांच्या तीन तपासण्या केल्या होत्या. डोकं झटकन थोडं वळवल्यावर नजर लक्ष्यावर टिकते का, बुबुळांची थरथर बाजू बदलते का, एक डोळा दुसऱ्याहून वर जातो का. या तीन गोष्टींनी मेंदूतला बिघाड असलेला एकही रुग्ण निसटू दिला नाही. सुरुवातीच्या एमआरआयनं मात्र झटक्याचे सुमारे १२ टक्के रुग्ण निसटू दिले. तपासणारे डॉक्टर या कामात तयार झालेले होते, हे लक्षात ठेवायला हवं. आग्रह आहे तो नेमका त्या तयारीचाच.

तपासणी अचूक असतेच असा दावा कुणीही करू नये. २००५ साली दहा डॉक्टरांनी तेच ते रुग्ण स्वतंत्रपणे तपासले, तेव्हा बॅबिन्स्कीच्या खुणेवर त्यांचं एकमत फारसं झालं नाही. त्यापेक्षा पाऊल भरभर आपटायला लावण्याची साधी चाचणी अधिक भरवशाची ठरली. अशा अभ्यासांचं स्वागत व्हायला हवं. कोणत्या खुणा टिकाऊ आहेत आणि कोणत्या नुसत्या परंपरेनं चालत आल्या आहेत, हे तपासूनच ठरावं. एमआरआय हे विसाव्या शतकानं वैद्यकाला दिलेलं अपूर्व वरदान आहे यात शंका नाही. त्याला योग्य जागेचा योग्य प्रश्न विचारावा, एवढीच अपेक्षा आहे.

हा प्रश्न विचारण्याची थोर परंपरा मुंबईत होती. जे. जे. रुग्णालयात मेंदूविकारशास्त्राचा विभाग उभा करणाऱ्या डॉ. नोशीर वाडिया यांनी १९६७ साली मानेच्या अगदी वरच्या दोन मणक्यांच्या जन्मजात सरकण्यामुळे मज्जारज्जू दाबला गेलेल्या २८ रुग्णांचा अभ्यास ‘ब्रेन’ या नामांकित नियतकालिकात छापला. १९७१ साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. काही दिवसांनी वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे पाय लुळे पडलेले रुग्ण येऊ लागले. या रुग्णांना नुकतेच डोळे येऊन गेले होते हे त्यांनी हेरलं, आणि कमरेच्या पातळीवरची मुळं आणि मज्जारज्जू यांचा हा विकार असल्याचं तपासणीवरून ठरवलं. ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी तो जगापुढे मांडला. साथीमागे एक नवाच एन्टेरोव्हायरस होता.

त्याच वर्षी वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी नऊ कुटुंबांतला एक आनुवंशिक आजार वर्णन केला. लहान मेंदू झिजल्यानं या रुग्णांचा तोल जात होता, असे रुग्ण आधीही माहीत होते. वाडियांच्या नजरेनं टिपलं ते त्यांच्या डोळ्यांचं चलन. निरोगी माणसाची नजर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्षणात झेप घेते, या रुग्णांची संथपणे सरकत जात होती. समोर दोन बोटं धरून ‘इकडे बघा, तिकडे बघा’ म्हटलं की दिसणारी ही गोष्ट. पंचवीसएक वर्षांनी जनुकीय तपासणी आली, तेव्हा हा एससीए-२ नावाचा स्वतंत्र आजार निघाला आणि संथ नजर ही त्याची ठळक खूण म्हणून जगभर शिकवली जाऊ लागली. जनुकाच्या आधी दोन बोटांनी तो ओळखला होता. याच मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. एडी भरुचा यांच्यासारखे शिक्षक पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना खाटेजवळ उभं करून शिकवत होते.

मग हे कौशल्य ओसरलं कशामुळे? १९९४ साली अमेरिकन प्राध्यापक राल्फ जोझेफोविच यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मनातल्या मेंदूविकारशास्त्राच्या धास्तीला ‘न्यूरोफोबिया’ म्हटलं, ती धास्ती आपल्याकडेही आहे. शरीररचनेचा मेंदू पहिल्या वर्षी शिकवला जातो, रुग्ण कितीतरी पुढे भेटतात, आणि मधल्या काळात दोन्हींची सांगड कुणी घालून देत नाही. पदव्युत्तर प्रवेश बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेवर ठरतो. त्यामुळे आंतरवासितेचं वर्ष, जे खाटेजवळ घालवायचं, ते पुष्कळ मुलं प्रश्नसंच सोडवण्यात घालवतात. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, परीक्षा जे मोजते तेच ती शिकणार. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांकडे माणशी काही मिनिटंच असतात, आणि तपासणीपेक्षा चिठ्ठी लिहिणं लवकर होतं. खासगीत रुग्णच ‘स्कॅन करून टाका ना’ म्हणतात, कारण हातानं केलेल्या तपासणीचा कागद मिळत नाही.

यावर उपाय आहेत आणि ते फार खर्चिक नाहीत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानं एमबीबीएसच्या अंतिम प्रात्यक्षिकात प्रत्येक विद्यार्थ्यानं परीक्षकासमोर मज्जासंस्थेची तपासणी करून दाखवणं आणि बिघाडाची जागा सांगणं सक्तीचं करावं. मणक्याच्या किंवा मेंदूच्या एमआरआयच्या प्रत्येक विनंतीपत्रावर ‘संशयित जागा आणि तिची कारणं’ अशी एक ओळ भरणं बंधनकारक असावं, सरकारी रुग्णालयांपासून सुरुवात व्हावी. ही एक ओळ लिहायची म्हटलं की रुग्णाला हात लावावाच लागतो. रेडिऑलॉजिस्टलाही त्यामुळे नेमकं काय शोधायचं ते कळेल. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मण्यार, जीबीएस आणि कुष्ठरोग या तिन्हींसाठी प्रत्यक्ष रुग्णांवरचं प्रशिक्षण द्यावं. हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. पोलिओविरुद्धच्या लढाईत याच व्यवस्थेनं पंधरा वर्षांखालच्या मुलाचा अचानक लुळा पडलेला प्रत्येक हात-पाय शोधून नोंदवला, आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

वाचकांनाही यात वाटा उचलता येईल. हातापायांची ताकद, मुंग्या, बधिरपणा किंवा तोल यांची तक्रार घेऊन जाताना ती केव्हा आणि कशी सुरू झाली, कुठून कुठे पसरली, कोणतं रोजचं काम अडतं, चप्पल निसटलेली कळते की नाही, हे कागदावर लिहून न्यावं. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला तर ‘तुम्हाला दोष कुठे वाटतो?’ असं आदरानं विचारावं. तपासायला वेळ देणाऱ्या डॉक्टरांच्या त्या वेळेची किंमत ओळखावी. फक्त एका प्रसंगी यातल्या कशासाठीही थांबू नये. तोंड अचानक एका बाजूला ओघळलं, एक हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर कुटुंबानं रुग्णाला तडक सीटी स्कॅन आणि झटक्यावरील उपचारांची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावं, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.